शिकता शिकता फायनान्समध्ये अर्धवेळ काम: कोणतं घ्यावं आणि त्यातून काय मिळवावं

प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये एक वर्षाचा फायनान्सचा मास्टर्स सुरू होतोय आणि दोन अर्धवेळ नोकऱ्या समोर आहेत. एका छोट्या सेवाभावी संस्थेत अकाउंट्स असिस्टंट म्हणून आठवड्याला १२ तास, किंवा दुकानात संध्याकाळची पाळी, आठवड्याला २० तास. दुसरीत अर्थातच पैसे जास्त. त्यातच मित्र म्हणतात की मोठ्या बँकेतली इंटर्नशिप नसेल तर बाकी कशालाच किंमत नाही. तर कोणाचं ऐकायचं?

मी गेली अनेक वर्षं कंपन्यांच्या लेखा विभागात कंट्रोलर, म्हणजे हिशेबाची प्रमुख, आहे. शिकणाऱ्या मुलामुलींना अर्धवेळ घेणं, त्यांना काम शिकवणं आणि पूर्णवेळ जागांसाठी मुलाखती घेणं, ही तिन्ही कामं मी करत आले आहे. त्यावरून सांगते, अकाउंट्सचं काम घ्या. मात्र ते कशासाठी घेतोय हे आधी स्पष्ट असू द्या, नाहीतर वर्षभर बिलं टाइप कराल आणि मुलाखतीत सांगायला काही उरणार नाही.

आधी मित्रांच्या म्हणण्याचं बघू. लंडनच्या मोठ्या बँकांची समर इंटर्नशिप मुख्यतः पदवीच्या शेवटून दुसऱ्या वर्षात असलेल्यांसाठी असते. ती पूर्णवेळ असते आणि तिचे अर्ज जवळजवळ वर्षभर आधी उघडतात. तुमचा मास्टर्स सप्टेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या सप्टेंबरच्या आसपास संपणार, आणि मधला उन्हाळा प्रबंधाचा. वर्ग नसले तरी एक वर्षाच्या मास्टर्समध्ये हा काळ व्हिसाच्या हिशेबात सुट्टी धरला जात नाही, त्यामुळे पूर्णवेळ इंटर्नशिपचा मार्ग तिथेच बंद होतो. तुमच्यासाठी खुले असतात ते पदवीधर भरतीचे अर्ज आणि अभ्यासक्रम संपल्यावरच्या ऑफ-सायकल, म्हणजे उन्हाळ्याखेरीज इतर वेळी होणाऱ्या, इंटर्नशिप. पदवीधर भरतीचे अर्ज तुम्ही विमानातून उतरता त्याच सुमारास चालू असतात, म्हणून सीव्ही निघण्याआधीच तयार हवा. आणि सत्र चालू असताना आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या विद्यार्थ्याला ट्रेडिंग डेस्कवर किंवा विलीनीकरणाच्या सौद्यावर सहसा कोणी बसवत नाही. ते काम दिवसभर, रोज चालतं. मधेच उठून लेक्चरला जाणाऱ्या माणसावर ते टाकता येत नाही.

मग अर्धवेळ फायनान्स म्हणजे काय मिळतं? पुरवठादारांची बिलं, येणी वसुली, पगारपत्रकाला मदत, छोट्या फर्मसाठी झीरो, सेज किंवा क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी, बँकांच्या केवायसी विभागात फाइल तपासणी, विद्यापीठाच्याच वित्त कार्यालयातलं काम. यात झगमगाट नाही. पण पैसा संस्थेत कुठून येतो, कुठे अडकतो आणि कुठल्या कागदावर त्याचा पुरावा राहतो, हे याच कामांत दिसतं. मूल्यांकनाचं मॉडेल पाठ असलेले उमेदवार माझ्याकडे बरेच येतात. ताळेबंदातला एखादा आकडा खरा आहे की नाही हे शोधून काढू शकणारे फार थोडे असतात.

आता वेळेचा हिशेब. माझ्या अनुभवात मुलं सगळ्यात जास्त इथेच अडचणीत येतात. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या स्टुडंट व्हिसावर सत्रात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. हा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. सरासरी काढता येत नाही. एका आठवड्यात १० आणि पुढच्यात ३० तास केले, तर दुसऱ्या आठवड्यात नियम मोडला. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींचे तास एकत्र धरतात आणि बिनपगारी कामही त्यात येतं. म्हणजे अकाउंट्सचे १२ तास धरून दुकानाचे २० जोडायचे, हा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाका. स्वयंरोजगारालाही परवानगी नाही. ‘आम्ही तुम्हाला फ्रीलान्स बुककीपर म्हणून घेतो, इनव्हॉइस पाठवा’ असं कोणी म्हटलं, तर रक्कम कितीही लहान असो, नाही म्हणा.

आता याच्या शेजारी लेखा विभागाचा महिना ठेवून बघा. तिथलं काम चारही आठवडे सारखं नसतं. महिना संपला की पुढचे चार-पाच कामाचे दिवस पुस्तकं बंद करण्याची घाई असते. बँकेचा ताळमेळ घ्यायचा, न आलेल्या बिलांची तरतूद करायची, आगाऊ भरलेल्या भाड्याचा या महिन्याचा वाटा खर्ची टाकायचा, आणि मग आकडे वरच्यांकडे पाठवायचे. दहा तारखेनंतर सगळं निवांत. त्यामुळे वरिष्ठ अगदी सहज म्हणतात, ‘या आठवड्यात जरा जास्त ये, पुढच्यात कमी ये.’ हेतू चांगलाच असतो, पण ब्रिटनच्या आठवड्याच्या मोजणीत हे बसत नाही. करारात १२ तास असतील तर महिनाअखेरीला १८ पर्यंत जाता येतं आणि तरी दोन तास हाताशी राहतात. करारातच २० तास असतील तर त्या आठवड्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. कमी तासांची नोकरी मी सुचवते त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण अभ्यासाचं. ब्रिटिश मास्टर्स १८० क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटमागे १० तासांचा अभ्यास गृहीत धरतात. म्हणजे वर्षाचे १,८०० तास. ५० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ३६, आणि परीक्षेच्या किंवा असाइनमेंटच्या आठवड्यांत त्याहून बरेच जास्त. त्यावर २० तासांची नोकरी म्हणजे आठवडा ५६ तासांचा झाला. त्यात प्रवास नाही, स्वयंपाक नाही, आणि पदवीधर भरतीच्या ऑनलाइन चाचण्या व मुलाखतींचा वेळही नाही. हा शेवटचा वेळच तुमच्या पुढच्या नोकरीचा आहे. पैशाची निकड समजते मला. पण वर्षभराचा खर्च नोकरीतूनच भागवायचा, अशा बेताने निघू नका. फी आणि राहण्याची सोय आधी लागलेली असू द्या. नोकरीचा पैसा वरचा म्हणून येऊ द्या.

नियम मोडण्याचे परिणाम फायनान्समध्ये शिकणाऱ्यांना जरा जास्तच भोगावे लागतात, हे कोणी सहसा सांगत नाही. व्हिसा रद्द होण्याची भीती सगळ्यांनाच असते. पण आपल्या क्षेत्रात पुढे नियंत्रित, म्हणजे नियामकाच्या देखरेखीखालच्या, पदांवर जाताना जुना इतिहास उकरला जातो. अमेरिकेत ब्रोकरेज व्यवसायात नोंदणीसाठी जो यू-४ फॉर्म भरतात, त्यात मागच्या १० वर्षांच्या नोकऱ्या आणि ५ वर्षांचे पत्ते द्यावे लागतात. ब्रिटनमध्येही अशा पदांसाठी माणूस ‘फिट अँड प्रॉपर’, म्हणजे प्रामाणिक आणि पदाला योग्य, आहे का, याची तपासणी होते. पगाराच्या स्लिपा आणि कर खात्याच्या नोंदी तारखेसह शिल्लक असतात. चार तास जास्त केल्याने मिळालेले पैसे महिन्याभरात संपतील, पण ती नोंद टिकून राहील.

इतर देशांत जाणारेही हाच प्रश्न विचारतात. तिथे आधी बघायचं ते असं की कायदा तास मोजतो, दिवस मोजतो की पंधरवडा. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास चालतात. मात्र दर सोमवारी नवा पंधरवडा मोजायला सुरुवात होते, म्हणजे कुठलेही सलग दोन आठवडे धरले तरी बेरीज ४८ च्या आत हवी. महिनाअखेरीच्या कामाला हा नियम बराच सोयीचा आहे. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मुभा आहे. तिथे ‘वेर्कश्टुडेंट’ (शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी) हा प्रकार रुळलेला आहे, आणि फ्रँकफर्टच्या बँका, विमा कंपन्या, ऑडिट फर्म सत्रातही आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यार्थ्यांना खऱ्या कामावर घेतात. अर्धवेळ फायनान्ससाठी युरोपात मला हा देश सगळ्यात अनुकूल वाटतो, फक्त कामापुरती जर्मन यायला हवी. नेदरलँड्समध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी मालकाला वेगळा परवाना काढावा लागतो आणि मर्यादा आठवड्याला १६ तास किंवा जून ते ऑगस्ट पूर्णवेळ अशी आहे. त्या परवान्यापायीच बऱ्याच छोट्या संस्था नको म्हणतात. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून सत्रात कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. आयर्लंडमध्ये सत्रात २०, आणि जून ते सप्टेंबर व १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४०.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तास, आणि तेही कॅम्पसवरच. बाहेरच्या कंपनीत काम करायचं तर सीपीटी (शिकत असताना बाहेर काम करण्याची परवानगी) लागतं. ते साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळतं, काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं आणि परवानगी त्या विशिष्ट कंपनीपुरती असते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वापरलं तर त्या पदवीनंतरचं ओपीटी (शिक्षण संपल्यावर काम करण्याची परवानगी) गमावून बसता. हे ठाऊक नसल्याने पुढची वाट बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत. पण कॅम्पसवरची कामं कमी लेखू नका. संशोधन अनुदानाचे हिशेब ठेवणारं कार्यालय असतं. कुठला खर्च कुठल्या अनुदानातून टाकता येतो, अप्रत्यक्ष खर्चाचा दर कसा लागतो, मुदत संपलेल्या अनुदानाचं काय करायचं, हे तिथे रोजचं काम आहे. त्यात मुरलेला विद्यार्थी खर्च-लेखांकनाच्या मुलाखतीत कुणाला हार जात नाही.

तुमच्या सेवाभावी संस्थेकडे परत येते, कारण हा पर्याय मला मनापासून आवडला. ब्रिटनमध्ये अशा संस्थांचे हिशेब साध्या कंपनीपेक्षा एका बाबतीत अवघड असतात. देणगीदाराने विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा वेगळा ठेवावा लागतो आणि मुक्तपणे वापरता येणारा वेगळा. बँकेत शिल्लक भरपूर दिसते, पण त्यातली बरीचशी बांधील असते, आणि पुढच्या महिन्याचा पगार कशातून द्यायचा हा प्रश्न उभाच राहतो. रोख शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं की कुठल्याही कंपनीचा ताळेबंद तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल. शिवाय गिफ्ट एड आहे. पात्र देणगीच्या प्रत्येक १ पौंडावर संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मागता येतात, पण देणगीदाराचं घोषणापत्र आणि नोंदी जुळल्या तरच. ते दावे तयार करायचं काम मागून घ्या. तुमच्या मेहनतीने संस्थेला किती रक्कम मिळाली हे त्यात थेट आकड्यात दिसतं.

सुरुवातीचे दोन महिने कदाचित फक्त बिलं येतील. ती नीट करा. खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, हे तिन्ही कागद जुळले तरच पैसे द्यायचे, एवढाच नियम. पण ते जुळत नाहीत तेव्हा काय होतं ते बघा. कोण फोन करतं, फरक कुठल्या खात्यात जातो, मंजुरी कोणाची लागते. नवीन पुरवठादाराची नोंद करणारी व्यक्ती आणि पेमेंट मंजूर करणारी व्यक्ती वेगळी का ठेवतात, हेही तिथेच उमगेल. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल आला. तिने मेलमधल्या नंबरवर फोन केला नाही, आमच्या जुन्या फाइलमधल्या नंबरवर केला. पुरवठादाराने काहीच बदललेलं नव्हतं. पेमेंट थांबलं, पैसे वाचले. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत तिने हा प्रसंग आणि त्यामागची नियंत्रणाची साखळी सांगितली, आणि तिला पदवीच्या गुणांबद्दल फारसं कुणी विचारलं नाही.

दोन महिने झाले की वरिष्ठांकडे जाऊन एकच गोष्ट मागा. महिन्याचं एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याकडे द्या. बँकेचा ताळमेळ याला सगळ्यात योग्य. छोटं असतं, दर महिन्याला येतं, आणि चूक लपत नाही. सुटी सुटी कामं करणारा मदतनीस होतो. एक चक्र स्वतः सांभाळणाऱ्यावर संस्था विसंबायला लागते, आणि शिफारसपत्रातला सूर त्याने बदलतो. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल, एक्सलुकअप, समइफ्स आणि पॉवर क्वेरी एवढं पक्कं करा, पण घरी सुटं शिकू नका. तीन महिन्यांपासून न जुळलेली एखादी यादी घ्या आणि तिच्यावर शिका.

ज्यांना पुढे सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची सनद) करायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. सनदेसाठी ४,००० तासांचा अनुभव लागतो आणि तो किमान ३६ महिन्यांत मिळवलेला असावा लागतो. अर्धवेळ कामाचे तासही धरतात, पण काम गुंतवणुकीच्या निर्णयाशी जोडलेलं असायला हवं. बिलांच्या नोंदी त्यात बसणं कठीण. एसीसीए या लेखापालांच्या संस्थेचं वेगळं. त्यांच्या ३६ महिन्यांच्या अनुभवात लेखाकाम थेट बसतं आणि अर्धवेळ काळ प्रमाणात मोजतात. म्हणून काय केलं याची नोंद महिन्याच्या महिन्याला लिहा आणि वरिष्ठांची सही त्याच वेळी घ्या. नोकरी सुटल्यावर सह्या गोळा करायला गेलात तर माणसं बदललेली असतात.

आता ज्यापासून लांब राहायचं ते. ‘पेमेंट एजंट’, ‘फायनान्स प्रोसेसिंग असिस्टंट’, घरबसल्या काम, अशा जाहिराती विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये सतत फिरतात. काम काय, तर तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकीचे पुढे पाठवा. हे चोरीचे पैसे फिरवण्याचं काम आहे. ब्रिटनमध्ये मनी लाँड्रिंगसाठी १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटला नाही झाला तरी सिफास या फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणेत नावापुढे खूण पडते आणि ती ६ वर्षं राहते. खातं बंद होतं, दुसरी बँक नवीन उघडून देत नाही, आणि बँकेत नोकरीची तर गोष्टच सोडा. नवा देश, पैशाची तंगी आणि इंग्रजीत छापलेलं बरं पत्र, एवढ्यावर हुशार मुलंही फसतात. कुठलाही खरा मालक तुमच्या वैयक्तिक खात्यातून संस्थेचा पैसा फिरवत नाही.

निव्वळ कमिशनवर विमा किंवा फॉरेक्स विकण्याच्या ऑफर बहुतेक स्वयंरोजगाराच्या असतात, म्हणजे व्हिसातच बसत नाहीत. आधी फी भरून ‘ट्रेडर’ करणाऱ्या योजनांना सीव्हीवर काही वजन नाही. आणि गुंतवणूक संस्थेत काम मिळालं तर स्वतःच्या शेअर खात्याची माहिती पहिल्याच दिवशी कम्प्लायन्सला, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या विभागाला, द्या. नियम अर्धवेळ माणसालाही पूर्ण लागतात.

कराची फार काळजी नको. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. सुरुवातीला चुकीच्या टॅक्स कोडमुळे पगारातून जास्त कापलं गेलं तर ते परत मिळतं. नोकरी सोडताना पी-४५ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) घ्यायला विसरू नका, एवढंच.

सही करण्याआधी सुट्टीबद्दल विचारा. हा हक्क अर्धवेळ काम करणाऱ्यांना असतो हेच कितीतरी मुलांना माहीत नसतं. ब्रिटनमध्ये वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी सुट्टी कायद्याने मिळते, तुमच्या तासांच्या प्रमाणात. आठवड्याला १२ तास असतील तर वर्षाचे सुमारे ६७ तास होतात. ती सुट्टी फिरण्यात घालवू नका. परीक्षेच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी अर्ज टाका आणि परीक्षेचा आठवडा महिनाअखेरीला येतोय का ते वरिष्ठांना आधी दाखवा. आगाऊ सांगितलं तर बहुतेक ठिकाणी सोय होते. आदल्या दिवशी सांगितलं तर कुणाच्या तरी अंगावर ते काम पडतं आणि ते लोक लक्षात ठेवतात.

दुकानातली नोकरी वाईट नाही. सेवाभावी संस्थेचं काम नसतं तर मी तीच घ्या म्हटलं असतं, आणि मुलाखतीत तिच्याबद्दलही अभिमानाने बोला म्हटलं असतं. रोखीचा गल्ला रोज जुळवणं हाही हिशेबच आहे. पण तुमच्याकडे निवड आहे आणि वर्ष एकच आहे. पदवीनंतर मिळणारा ग्रॅज्युएट रूट (ब्रिटनमध्ये राहून काम करण्याचा व्हिसा) १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार आहे. म्हणजे पदवी संपल्यावर अनुभव गोळा करायला पूर्वीइतका वेळ नाही.

संस्थेला आज एक मेल पाठवा आणि तीन गोष्टी विचारा. महिनाअखेरीला कोणत्या दिवशी येणं अपेक्षित आहे, हिशेबासाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरतात, आणि तुमचं काम तपासणारी व्यक्ती पात्रताधारक लेखापाल आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तासाला दुकानापेक्षा थोडे कमी पैसे मिळाले तरी चालतील.